उरलेली सहा मिनिटं

आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला आर्जियानं टेबलावर पाचवं ताट मांडलं, तेव्हाच वेलियाच्या लक्षात यायला हवं होतं. घरात माणसं चार. आई आर्जिया, बाबा एर्मेते, ती स्वतः, आणि ट्रक घेऊन आदल्या दिवशी फ्रान्समधल्या ल्योंहून परतलेला भाऊ वाइनर. वाइनरची बायको पोरांना घेऊन समुद्रावर गेली होती, म्हणजे तीही येणार नव्हती. पण वेलियाचं डोकं त्या दिवशी भलतीकडेच होतं. एकोणनव्वद सालच्या जून महिन्याची अकरा तारीख, पुढच्या रविवारी मतदान, आणि दाराजवळच्या बाकावर चारशे पत्रकांचा गठ्ठा आठ दिवस सुतळीसकट पडून होता.

गठ्ठा तिच्या बापासाठी होता. इटलीतल्या काम्पोरोत्तो गावात, कालव्याकडच्या अख्ख्या रस्त्यावर, एर्मेते सोंचिनी जे दारात घेऊन येईल तेच कम्युनिस्ट पक्षाचं म्हणणं, असा युद्ध संपल्यापासूनचा शिरस्ता होता. रविवारी सकाळी सात वाजता खांद्याला पिशवी, पिशवीत पक्षाचं वर्तमानपत्र, आणि मग एकेक दार. प्रत्येक दारात थांबायचं, म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करायची, सरकारला दोन शिव्या हासडायच्या आणि पुढं निघायचं. हिवाळ्यात तिथं असं धुकं पडतं की सायकलवर बसलेल्याला स्वतःचं पुढचं चाक दिसत नाही. तरी एर्मेते ठरल्या वेळेला हजर. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता, पण चव्वेचाळीस वर्षांत त्याचे दोनच रविवार चुकले होते, एक न्यूमोनियाचा आणि एक वाइनरच्या जन्माचा. त्यातला दुसरा आर्जियानं भांडून मिळवला होता.

आणि असा हा माणूस, पक्षानं सांगितलेल्या कामाला आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाला होता.

मतपत्रिकेवरचा प्रश्न साधा होता. युरोपातल्या सगळ्या देशांनी मिळून निवडलेल्या संसदेला, सगळ्यांसाठी एक घटना लिहायचा अधिकार द्यावा का? पक्षाचं म्हणणं होतं, हो, द्यावा. वेलिया तीन वर्षं शाखेची सचिव होती. चीजच्या सहकारी संघात दिवसभर कारकुनी करायची आणि तिथून सुटली की शाखेत. तिला तर हा प्रश्न म्हणजे सणच वाटत होता. शुक्रवारी तिनं बापाला मार्क्स सांगायला घेतला. भांडवलाला देशाची कुंपणं कधीच अडवत नाहीत, मग मजुरानंच कुंपणाच्या आत का बसायचं, वगैरे. एर्मेतेनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मार्क्स मी फॅसिस्टांच्या तुरुंगात वाचलाय, बाळ. एका पुस्तकाची अकरा जणांत वाटून घेतलेली पानं. मला जी पानं मिळाली ती पाठ आहेत. मला मार्क्स नको शिकवूस."

"मग पत्रकं का नाही नेत?"

"नाही नेत."

एवढंच. वेलियानं मनाशी धरलं की म्हातारा अजून सत्तावन सालातच राहतोय. त्या वर्षी सहा देशांनी मिळून सामायिक बाजाराचा करार केला, आणि पक्षानं त्याला कडाडून विरोध केला होता. मक्तेदारांची टोळी, अमेरिकेची ढाल, मजुरांच्या गळ्याला फास, असं बरंच काही एर्मेतेनं तेव्हा दारोदार जाऊन सांगितलं होतं. आता त्याच दारांत जाऊन उलट सांगायला त्याची जीभ रेटत नसेल, असं तिला वाटलं. चुकीचं वाटलं, पण ते पुढं.

बरोबर साडेबाराला दारावर काठीचा आवाज झाला. आर्जिया हात पुसत उठली, जणू काही टपालवाला आला असावा अशा चेहऱ्यानं. दार उघडलं, आणि दारात नुल्लो काका.

वाइनरचा लांब्रुस्को वाइनचा ग्लास ओठांपाशीच थांबला. नुल्लो सोंचिनी, एर्मेतेचा पाच वर्षांनी धाकटा भाऊ, कालव्यापलीकडे तीनशे पावलांवर राहत होता. बेल्जियमच्या खाणीतून निवृत्त होऊन, तिकडची बायको तिकडच्याच मातीत ठेवून, तो तीन वर्षांपूर्वी परत आला होता. सोबत आणली होती एक ट्रंक आणि कोळशानं भरलेली छाती. तीन वर्षांत तो या उंबऱ्यावर आला नव्हता, आणि दर रविवारी वर्तमानपत्र घेऊन निघालेला एर्मेते त्या एका दारासमोरून मान खाली घालून पुढं जात असे.

एर्मेतेनं बायकोकडे बघितलं. गळ्यातला नॅपकिन काढायला लागला.

"बस खाली," आर्जिया म्हणाली. "वाढदिवस माझा आहे. मी बोलावलंय. ज्याला याच्याबरोबर जेवायचं नसेल त्यानं ताट घेऊन गोठ्यात जावं. गाई काही म्हणणार नाहीत."

आर्जियाचा हा आवाज त्या घरात वर्षातून फार तर एकदा निघे, आणि निघाला की त्याच्यावर अपील नसे. एर्मेतेनं नॅपकिन परत बांधला. नुल्लो आत आला, खुर्चीत बसला आणि बसल्यावर पूर्ण एक मिनिट नुसता श्वास गोळा करत राहिला. त्याच्या छातीतून भाता फाटल्यासारखा आवाज येत होता. वेलियानं बघितलं, तिचा बाप तो आवाज ऐकत होता आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होता.

सत्तावन सालचं ते प्रकरण घरात कुणी उघड बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. नुल्लो तेव्हा दहा वर्षं खाण खणून गावी परतला होता. लढाईनंतर आपल्या सरकारनं माणसं द्यायची आणि बेल्जियमनं कोळसा द्यायचा असा सौदा झाला, त्यात गेलेला मजूर तो. परत आला तो डोक्यात एक विचार घेऊन, आणि शाखेच्या सभेत उभा राहून म्हणाला की या कराराला आपण विरोध करतोय ते चुकतंय. सभेचा अध्यक्ष होता एर्मेते. ती सभा भावाला पक्षातून काढून संपली. अठ्ठावीस हात वर गेले, त्यातला एक एर्मेतेचा. इतिवृत्तात लिहिलं, एकमतानं. महिनाभरात नुल्लो पुन्हा बेल्जियमच्या गाडीत बसला.

वेलिया तेव्हा चौदा वर्षांची होती. काका स्टेशनवर तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला होता, आणि इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नव्हतं.

तोर्तेल्ली आल्या. पालकाच्या सारणाच्या, लोण्यात निथळणाऱ्या, वर संघाच्या चीजचा डोंगर. आर्जियाच्या हातच्या तोर्तेल्ली समोर असताना फार वेळ गप्प बसणं त्या गावातल्या कुणालाच जमलेलं नाही. वाइनरनं तोंड उघडलं आणि सगळ्यांवर उपकार केले. फ्रान्सच्या सीमेवर त्याच्या ट्रकचे नऊ तास कसे गेले ते तो सांगायला लागला. सतरा कागद, त्यातल्या चौदाव्यावर शिक्का वाकडा. कारकून म्हणाला, शिक्का सरळ हवा. वाइनर म्हणाला, साहेब, चीज आत घामाघूम होतंय. कारकून जेवायला गेला तो तीन वाजता आला.

"मार्क्स काय म्हणाला ते मला माहीत नाही," वाइनर म्हणाला. "पण तो कधी त्या नाक्यावर उभा राहिला असता ना, तर त्यानं अख्खं पुस्तक त्या कारकुनावर लिहिलं असतं."

नुल्लो हसला, आणि हसताना खोकला. एर्मेतेनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. भावाकडे न बघता, नुसता सरकवला. आर्जियानं ते बघितलं आणि उठून दुसरं वाढण आणायला गेली.

वेलियाला वाटलं, लोखंड तापलंय. तिनं काकाला विचारलं, आता तर तुम्ही खूश असाल. बत्तीस वर्षांपूर्वी तुम्ही एकटे म्हणत होता ते आता अख्खा पक्ष म्हणतोय. हे बोलताना तिनं बापाकडे तिरका कटाक्ष टाकला, भावाच्या तोंडून ऐकलं तरी म्हाताऱ्याला पटेल या हिशेबानं.

नुल्लोनं काटा खाली ठेवला. त्याला बोलायला वेळ लागायचा, दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यावा लागायचा.

"खरं सांगू, पोरी? आता माझी खात्री नाही."

वेलियाचा चेहरा पडला. काका सांगत गेला. चाळीस वर्षं बघितलं त्यानं. सीमा उघडल्या खऱ्या, पण कुणाला? आधी कोळशाला, मग दुधाला, मग पैशाला. आता म्हणे गाईनं किती दूध द्यायचं तेही ब्रसेल्सचा कारकून ठरवणार. मजुराची संघटना मात्र अजून सीमेवर थांबून टोपी काढते. जर्मनाची वेगळी, बेल्जियनाची वेगळी, आपली वेगळी. खाणी बंद झाल्या तेव्हा सहा देशांच्या मंत्र्यांनी एका टेबलावर बसून बंद केल्या, आणि सहा देशांच्या मजुरांनी सहा वेगवेगळ्या चौकांत सभा घेतल्या. मार्क्सच्या नावानं यालाच हो म्हणायचं असेल तर म्हणा. पण तरुणपणी वाटलं होतं तितकं ते सोपं निघालं नाही.

"म्हणजे तुम्ही नाही म्हणणार?" वेलियानं विचारलं.

"मी म्हणतोय, मला माहीत नाही. म्हातारपणी एवढी तरी मोकळीक असू दे."

आणि तेव्हा एर्मेते बोलला. इतका वेळ तो पावाच्या तुकड्यानं ताटातलं लोणी पुसत होता. मान वर न करता, पाठ केलेलं म्हणतात तसं, एका सुरात तो बोलायला लागला.

"आमच्या खाणीत बावन्न साली संप झाला. अकरा दिवस. फ्लेमिश, पोलिश, इटालियन, सगळे एकत्र. आयुष्यात पहिल्यांदा एका रांगेत. अकराव्या दिवशी मालकाचे हात थरथरत होते, आम्ही डोळ्यांनी बघितलं. बाराव्या दिवशी सकाळी गाडी आली. चाळीस डबे कोळसा. सीमेपलीकडच्या खाणीतला. आमच्यासारख्याच मजुरांनी खणलेला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की इकडे संप आहे. कॉम्रेड्स, मालकाची संघटना सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे आणि आपली एकाच बाजूला आहे. म्हणून आपण हरतो. सहा देशांचा कोळसा एका छपराखाली जाणार असेल, तर त्या छपराखाली आपणही गेलं पाहिजे. दाराबाहेर उभं राहून ओरडायला मार्क्स लागत नाही."

नुल्लो भावाकडे बघत होता.

"हे माझं आहे," तो म्हणाला.

"तुझंच आहे," एर्मेते म्हणाला. "पहिली चार मिनिटं."

वेलियाला काही कळेना. तिनं आईकडे बघितलं. आर्जिया स्वयंपाकघराच्या दारात भांडं घेऊन उभी होती. बत्तीस वर्षं एका गाठीचं टोक सापडायची वाट बघणाऱ्या बाईसारखी ती उभी होती.

मग एर्मेतेनं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज वरखाली झाला नाही, पण बोटं सुरीच्या मुठीवरून फिरत राहिली. त्या सभेत नुल्लो बोलायला उभा राहिला आणि दुसऱ्या मिनिटालाच एर्मेतेला कळून चुकलं की हा बरोबर बोलतोय. आपण तुरुंगात जी पानं पाठ केली त्यांचाच हा अर्थ आहे, आणि तो आपल्याला वर्षानुवर्षं वाचून कळला नाही तो याला जमिनीखाली हजार मीटरवर कळला. पण पक्षाचा निर्णय वेगळा होता. आणि पक्ष म्हणजे तेव्हा एर्मेतेला काय होता, हे आता कुणाला सांगून समजणार नाही. त्या पक्षासाठी त्याच्याबरोबरची सात माणसं भिंतीपाशी उभी करून मारली गेली होती. एकजूट मोडली की काय होतं ते त्यानं बघितलं होतं.

"तुझ्याविरुद्ध हात वर केला त्याचं मला वाईट वाटतं," एर्मेते भावाला म्हणाला. "पण त्याची लाज नाही वाटत. तो निर्णय होता. चुकला. पक्ष चुकतो, आपणही चुकतो. पण नियम होता, प्रत्येकाला दहा मिनिटं. अध्यक्ष मी होतो, घड्याळ माझं होतं. चार मिनिटं झाली होती आणि लोक ओरडायला लागले, आणि मी घंटा वाजवून म्हणालो, वेळ संपली." तो थांबला. "संपली नव्हती. मला माहीत होतं. तू आणखी बोललास तर माझाच हात वर जाणार नाही, म्हणून मी घंटा वाजवली. तुझी सहा मिनिटं मी खाल्ली."

काय म्हणावं या माणसाला? भावाला पक्षातून काढलं ते याला पचलं, आणि सहा मिनिटं बत्तीस वर्षं घशात अडकून राहिली. दुसऱ्या कुठल्या गावात हे ऐकून लोक हसले असते. त्या टेबलावर मात्र वाइनरसुद्धा हसला नाही. सभेत बोलायची वेळ ही या लोकांनी तुरुंगात आणि गोळीबारात कमावलेली गोष्ट होती. वेलियाला आपल्या बापाचा एकदम असा अभिमान वाटला की तिला रडू यायला लागलं, आणि शुक्रवारी आपण याला मार्क्स शिकवायला निघालो होतो याची लाज वाटली.

"म्हणून पत्रकं नेली नाहीत?" तिनं विचारलं.

"त्यावर याचंच वाक्य छापलंय. ज्या वाक्यासाठी याला हाकलला, ते वाक्य याला सोडून दारोदार कसं वाटू? याच्या दारात ते टाकून पुढं जाऊ?"

नुल्लो खिडकीबाहेर, कालव्याच्या बाजूला बघत बसला. मग म्हणाला, "घड्याळ आहे का अजून?"

एर्मेते उठला, कपाटातून साखळीचं घड्याळ घेऊन आला. चावी देऊन त्यानं ते टेबलावर, तोर्तेल्लीच्या परातीशेजारी ठेवलं, आणि खुर्चीत ताठ बसला. गळ्यात लोण्याचे डाग पडलेला नॅपकिन होता, तरी तो अध्यक्षच दिसत होता.

"कॉम्रेड नुल्लो सोंचिनी," तो म्हणाला, "तुमची सहा मिनिटं आहेत."

आर्जिया भांडं खाली ठेवून बसली. नुल्लोनं कोटाच्या आतल्या खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली. डबीत घडी केलेला एक कागद होता, दोन्ही बाजूंनी पेन्सिलीनं लिहिलेला, घड्यांवर फाटायला आलेला. तो वाचायला लागला. दोन ओळी झाल्या आणि खोकल्याची ढास आली. एर्मेतेनं घड्याळावर पालथा पंजा ठेवला. ढास थांबेपर्यंत ठेवला.

"खोकला मोजत नाही," तो म्हणाला.

पुन्हा दोन ओळी, पुन्हा खोकला. शेवटी नुल्लोनं कागद वेलियाकडे दिला. देताना त्यानं त्याची खालची बाजू मागे दुमडली आणि नखानं घडी पक्की केली. तिथपर्यंतच वाच, असं बोटानं दाखवलं.

वेलिया वाचायला लागली. तिच्या तोंडून एकेचाळीस वर्षांचा काका बोलायला लागला. पलीकडून ओरडणाऱ्या सभेला तो काय सांगणार होता ते तिनं त्या शांत दुपारी वाचलं. ज्यांना या कराराची भीती वाटते त्यांची भीती खरी आहे, असं त्यात लिहिलं होतं. हे घर मालकच बांधताहेत, स्वतःसाठीच बांधताहेत, यात शंका नाही. पण कारखानाही मालकानंच बांधला होता. म्हणून आपण बाहेर बसून राहिलो का? आत गेलो, आणि आत जाऊन संघटना बांधली. भांडवल माणसांना एकत्र आणतं ते स्वतःच्या फायद्यासाठी, पण एकत्र आलेली माणसं पुढं काय करतील ते त्याच्या हातात राहत नाही, हेच तर मार्क्सनं शिकवलं. तेव्हा पक्षानं त्या सहा देशांच्या सभेत आपली माणसं पाठवावीत आणि पहिल्या दिवशी एकच मागणी करावी. जिथं कोळसा एक, तिथं मजुरी एक आणि संपही एक.

वाचताना वेलियाचा आवाज आपोआप चढला. हे सगळं तिनं गेल्या चार वर्षांत सभांमधून ऐकलं होतं, मोठमोठ्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून, आणि ते इथं पेन्सिलीनं, चुकीच्या शुद्धलेखनात, ती चौदा वर्षांची असताना लिहून ठेवलेलं होतं. वाइनर खुर्चीत पुढं सरकला होता. दुमडलेल्या घडीपाशी येऊन ती थांबली.

"संपलं," नुल्लो म्हणाला.

एर्मेतेनं घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं झाली."

"मग एक वाचलं. ते तुला बक्षीस."

"तू कधी मिनिट सोडत नव्हतास. शाळेत शिक्षकाचं सोडलं नाहीस, न्हाव्याचं सोडलं नाहीस." एर्मेतेनं मुलीकडे हात केला. "ती घडी उघड."

"राहू दे, एर्मेते," नुल्लो म्हणाला. आता त्याच्या आवाजात विनवणी होती. "जेवण गार होतंय."

वेलियानं घडी उघडली होती. तीन ओळी होत्या. तिनं त्या मनात वाचल्या आणि तिला कळलं की काकानं त्या का झाकल्या. बापाकडे न बघता कागद परत द्यावा असं तिच्या मनात आलं. एक क्षण तिनं तसं करायचं ठरवलंही. पण मग तिला वाटलं, आज आपणही यांचं मिनिट खायचं का? तिनं वाचलं.

"'मला जे वाटतं ते मी सांगितलं. शाखेनं याच्या उलट ठरवलं, तर मी शिस्त मानतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी माझ्या भावाबरोबर दारोदार जाईन आणि शाखेनं ठरवलेलं सांगेन.'"

नुल्लोला पक्षातून काढायचं कारणच नव्हतं. सहा मिनिटं बोलू दिलं असतं तर हात वर करायची वेळच आली नसती. ना ट्रंक, ना बेल्जियमची दुसरी खेप, ना ही छाती. एर्मेतेच्या चेहऱ्यावर ते सगळं एकामागून एक पोचताना वेलियाला दिसत होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो ताठ माणूस टेबलाकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी नॅपकिनवर पडायला लागलं. ते त्यानं पुसलं नाही.

"बत्तीस वर्षं का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं होतं? तुला झोप लागली नसती."

"तशीही लागत नव्हती," आर्जिया म्हणाली. "मला विचार."

नुल्लोनं हात लांब करून भावाचा हात धरला. खाणीत काळी पडलेली नखं आणि शेतात फाटलेली बोटं. वाइनर उठून खिडकीपाशी गेला आणि उगाच पडदा सारखा करत बसला.

मग एर्मेतेनं नाक शिंकरलं. घड्याळ उचललं. त्याचा आवाज घोगरा झाला होता, पण शब्द सभेतले होते. कॉम्रेडचा प्रस्ताव अध्यक्षांनी ऐकला. रविवारी दारोदार जायची तयारी दाखवली आहे. प्रस्ताव मंजूर.

"आज रविवारच आहे," तो म्हणाला. "मतदानाआधीचा शेवटचा."

"मला अजून खात्री नाही, हे तू ऐकलंस ना?" नुल्लोनं विचारलं. "मी हो म्हणेन. पण त्याला एक 'पण' लागेल."

"दारात पक्षाचं सांगायचं. 'पण' शाखेत."

"अजून तसाच गाढव आहेस."

"बरं," एर्मेते म्हणाला. "'पण' दारातसुद्धा."

वेलिया थक्क झाली. तिच्या बापानं शिस्तीत सूट दिलेली तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकली. हो म्हणणं आणि पुढचं भांडण दारात उघड ठेवणं, दोन्ही एकाच पिशवीत जाऊ शकतं, हे तिला कुठल्या सभेत कुणी सांगितलं नव्हतं. मोठं वाटलं तिला ते.

आर्जियानं केक कापल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही. साडेचारला ते निघाले. जूनच्या त्या उन्हात गावात कुत्रंही हिंडत नाही. खिडक्या बंद, माणसं आत पडलेली. एर्मेतेच्या खांद्याला पिशवी, नुल्लोच्या हातात काठी, आणि मागून गठ्ठा घेऊन वेलिया. दर वीस पावलांवर नुल्लो थांबायचा, आणि तो थांबला की एर्मेतेही थांबायचा आणि कालव्याच्या पाण्याकडे बघायचा, जणू त्यालाच दम लागलाय.

पहिलं दार इदा फोंताना हिचं. ब्याऐंशी वर्षांची. सत्तावन सालच्या त्या अठ्ठावीस हातांतला एक हात हिचा होता. तिनं झडप उघडली, दोन्ही सोंचिनी एकत्र उभे बघितले आणि छातीवर क्रूसाची खूण केली. पक्षात आल्यापासून तिनं तसं कधी उघड केलं नव्हतं.

वेलियानं पत्रक पुढं केलं. एर्मेतेनं तिचा हात हलकेच बाजूला केला.

"कागद नंतर, इदा. आधी हा बोलणार आहे. याची सहा मिनिटं आहेत."

नुल्लोनं श्वास घेतला आणि बावन्न सालच्या संपापासून सुरुवात केली. म्हातारी दाराच्या चौकटीला टेकून ऐकायला लागली. शेजारची एक झडप उघडली, मग पलीकडची. वेलियानं बापाकडे बघितलं. घड्याळ त्याच्या कोटाच्या खिशात होतं, साखळी बाहेर लोंबत होती. सहा मिनिटं झाली, मग दहा झाली असतील, मग बरीच झाली. एर्मेते भावाची काठी धरून शेजारी उभा होता, आणि त्यानं खिशात हात घातला नाही.